लग्नाचा वाढदिवस आणि तिन्हीसांजेची वेळ : मालवण किनाऱ्यावरील दांपत्यजीवनातील एका नव्या दिवसाचा अन्वयार्थ

सारांश

लग्नाच्या वाढदिवशी पती-पत्नींनी सायंकाळी घराबाहेर पडावे, समुद्रकिनारी फिरावे आणि बाहेर जेवून यावे, हा प्रघात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण किनाऱ्यावर अलीकडच्या काही दशकांत रुजलेला दिसतो. या प्रघाताकडे 'पाश्चात्त्यांचे अनुकरण' किंवा 'चैन' म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात मराठी दिनदर्शिका, विवाहविषयक कायदे, चाकरमानी कुटुंबपद्धती, तिन्हीसांजेचे घरगुती नियम आणि पर्यटन व्यवसाय या पाच अंगांनी त्याचा उलगडा केला आहे. परंपरेतील दांपत्यविषयक दिवस हे सर्वांचे समान दिवस होते. एका विशिष्ट जोडप्याचा स्वतःचा असा दिवस परंपरेत नव्हता. ती उणीव या दिवसाने भरून काढली. मात्र या दिवसाचा लाभ सर्व स्तरांतील स्त्रियांना सारखा मिळत नाही, याकडेही लेखात लक्ष वेधले आहे.

बीजशब्द : विवाह वर्धापनदिन, दांपत्यजीवन, चाकरमानी, तिन्हीसांज, पर्यटन, स्त्रीश्रम, मालवण.

प्रस्तावना

मराठीत विवाहसंस्थेचा अभ्यास प्रामुख्याने विवाहविधी, हुंडा, बालविवाह, पुनर्विवाह आणि घटस्फोट या अंगांनी झाला. लग्न कसे लागते आणि कसे मोडते याविषयी विपुल लेखन आहे. या दोन घटनांच्या मधल्या दीर्घ काळात पती-पत्नी एकमेकांच्या सहवासात कसे राहतात, त्या सहवासाला समाज किती वाव देतो, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. लग्नाचा वाढदिवस हा या मधल्या काळातील एक छोटा प्रसंग होय. तो छोटा असल्यामुळेच त्यात दांपत्यजीवनातील अनेक बदल स्पष्टपणे दिसतात.

मालवण परिसर या अभ्यासासाठी उपयुक्त आहे. एकाच किनाऱ्यावर येथे दोन प्रकारची जोडपी दिसतात. मुंबई-पुण्याहून किंवा कोल्हापूर-बेळगावहून आलेले पर्यटक जोडपे तारकर्लीच्या वाळूत बसून सूर्यास्त पाहत असते. त्याच वेळी स्थानिक जोडप्यांपैकी कोणी मासळीच्या लिलावात, कोणी पर्यटकांच्या स्वयंपाकात गुंतलेले असते. एकाची सायंकाळ ही दुसऱ्याची कामाची वेळ असते. हा विरोधाभास या विषयाच्या मुळाशी आहे.

उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१. परंपरागत दांपत्यविषयक दिवस आणि लग्नाचा वाढदिवस यांतील भेद स्पष्ट करणे.
२. हा दिवस रुजण्यास कारणीभूत ठरलेले कायदेशीर, आर्थिक व सामाजिक बदल विशद करणे.
३. मालवण किनाऱ्यावरील सायंकाळच्या वेळेचा स्त्रीजीवनाशी असलेला संबंध तपासणे.
४. या दिवसाच्या मर्यादा आणि शक्यता यांचा विचार करणे.

लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

१. शब्दांतून दिसणारी संकल्पना

कोणत्याही समाजात एखाद्या गोष्टीसाठी शब्द आहे की नाही, यावरून त्या गोष्टीचे स्थान कळते. पती-पत्नींनी मिळून करावयाच्या गोष्टींसाठी मराठीत 'जोडीने' हा सुंदर शब्द आहे. परंतु त्याचा वापर पाहिला तर तो बहुतांशी धार्मिक कृत्यांपुरता आढळतो. सत्यनारायणाच्या पूजेला जोडीने बसतात, वडीलधाऱ्यांना जोडीने नमस्कार करतात, कुलदेवतेच्या दर्शनाला जोडीने जातात. केवळ आनंदासाठी जोडीने बाहेर जाणे यासाठी जुन्या मराठीत रुळलेला शब्द आढळत नाही. 'सहगमन' हा शब्द अर्थाने जवळचा वाटतो खरा. परंतु त्याचा रूढ अर्थ सती जाणे असा आहे. पती-पत्नींच्या एकत्र जाण्याला भाषेने दिलेला हा प्रतिष्ठित शब्द मृत्यूशी निगडित असावा, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

मालवणी बोलीतही पतीसाठी 'घोव' आणि पत्नीसाठी 'बायल' हे थेट शब्द आहेत. पण प्रत्यक्ष हाक मारताना ते वापरले जात नसत. पत्नी पतीचा उल्लेख मुलाच्या नावाने, म्हणजे 'अमक्याचो बापूस' असा करी. पतीही पत्नीला 'अमक्याची आवस' म्हणून संबोधी. पतीचे नाव घेण्याची मुभा स्त्रीला उखाण्यात, चारचौघांसमोर आणि तीही विनोदाच्या आवरणाखाली मिळे. नवरा-बायको हे नाते मुलांच्या, सासू-सासऱ्यांच्या आणि कुळाच्या माध्यमातूनच व्यक्त व्हावे, असा हा संकेत होता.

'लग्नाचा वाढदिवस' हा शब्दप्रयोग या पार्श्वभूमीवर नवा आहे. 'वाढदिवस' हा शब्द आयुष्य एका वर्षाने वाढल्याचा निदर्शक आहे. तो लग्नाला लावताना लग्न ही एकदा घडून गेलेली घटना न राहता दरवर्षी वाढणारी गोष्ट ठरते. 'रौप्यमहोत्सव' व 'सुवर्णमहोत्सव' हे शब्द मराठीत संस्था, नियतकालिके व चित्रपट यांच्याबाबत रुळले होते. ते पुढे दांपत्यजीवनालाही लावले जाऊ लागले.

२. परंपरागत दिनदर्शिकेतील दांपत्याचे दिवस

मराठी परंपरेत दांपत्यजीवनाचे दिवस नव्हते, असे म्हणणे चुकीचे ठरेल. ज्येष्ठ पौर्णिमेला वटपौर्णिमेचे व्रत असते. लग्नानंतर पहिली काही वर्षे, बहुधा पाच, श्रावणातील मंगळवारी मंगळागौर पूजली जाते. पहिल्या दिवाळीला जावयाचा दिवाळसण होतो. अधिक मासात जावयाला अनारशांचे वाण दिले जाते. दिवाळीच्या पाडव्याला पत्नी पतीला ओवाळते आणि पती ओवाळणी घालतो. पुढे पतीच्या वयाची साठ वर्षे पूर्ण झाली की षष्ट्यब्दीपूर्ती आणि त्यानंतर सहस्रचंद्रदर्शन हे विधी होतात.

या सर्व दिवसांची तीन वैशिष्ट्ये दिसून येतात. पहिले म्हणजे हे दिवस सर्वांचे समान आहेत. वटपौर्णिमा सगळ्या सुवासिनींची एकाच दिवशी असते. तिचा विशिष्ट जोडप्याच्या लग्नतिथीशी संबंध नसतो. दुसरे म्हणजे त्यांतील कृती बहुधा एका दिशेने जाते. व्रत स्त्री करते आणि आयुष्य पतीचे मागितले जाते. पाडव्याला ओवाळणीच्या रूपाने थोडी परतफेड आहे, तरी ओवाळणारी कोण आणि ओवाळून घेणारा कोण हे ठरलेले असते. तिसरे म्हणजे पतीच्या मृत्यूबरोबर या सर्व दिवसांवरील स्त्रीचा अधिकार संपतो.

मालवण शहरातील पाडव्याचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. या दिवशी श्री देव रामेश्वर व श्री देव नारायण यांची पालखी ग्रामप्रदक्षिणेस निघते आणि सारे शहर त्या सोहळ्यात सहभागी होते. घरात पती-पत्नींचा म्हणून मानला गेलेला दिवस बाहेर संपूर्ण गावाचा असतो. नारळी पौर्णिमेला सागराला श्रीफळ अर्पण करण्यासाठी लोटणारी बंदरावरील गर्दी, आंगणेवाडीची श्री भराडी देवीची जत्रा, देवळांतील दहीकाले व दशावताराचे रात्रभर चालणारे प्रयोग, हे सर्व प्रसंग घराबाहेर पडण्याचेच होते. मात्र जत्रेला बायका वाडीतल्या बायकांबरोबर आणि पुरुष पुरुषांबरोबर जात. रात्री घराबाहेर राहण्यास स्त्रीला परवानगी होती ती समूहाची घटक म्हणून.

३. तारखेचा प्रश्न

लग्नाचा वाढदिवस साजरा होण्यासाठी प्रथम लग्नाची तारीख माहीत असावी लागते. ही गोष्ट आज क्षुल्लक वाटते. पूर्वी ती तशी नव्हती. मागील पिढ्यांतील लग्न 'तुळशीच्या लग्नानंतर', 'शिमग्याच्या आधी' किंवा 'मिरग लागण्यापूर्वी' झालेले असे. मुहूर्त तिथीवर काढला जाई. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे असल्याने तिथी दरवर्षी इंग्रजी तारखेच्या मागे सुमारे ११ दिवस सरकते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते. तिथी व तारीख यांचा मेळ जवळपास १९ वर्षांनी बसतो. तिथी लक्षात ठेवण्याची व्यवस्था श्राद्धासाठी होती, लग्नासाठी नव्हती. म्हणजेच मृत्यूची तिथी घरात जपली जाई आणि विवाहाची विसरली जाई.

छापील लग्नपत्रिका, भिंतीवरील दिनदर्शिका आणि शाळा-कार्यालयांतून इंग्रजी तारखेचा झालेला प्रसार यांमुळे ही स्थिती पालटली. त्यात कायद्याची भर पडली. मुंबई राज्यात १९५३ मध्ये विवाह नोंदणीचा कायदा झाला. त्यानंतर महाराष्ट्रात विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी यांविषयीचा १९९८ चा अधिनियम आला. १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या प्रकरणात सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याविषयी राज्यांना निर्देश दिले. पारपत्र, बँक खाते, वारसा अशा अनेक कामांसाठी विवाहाचे प्रमाणपत्र आवश्यक होऊ लागले. अशा प्रकारे शासनाच्या नोंदवहीतील तारीख घराच्या स्मरणात आली.

दुसरा कायदेशीर बदल वयाचा आहे. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीचे विवाहाचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरविले. १९७८ मध्ये ते अनुक्रमे १८ व २१ झाले. लग्नाच्या दिवसाची आठवण ही दोघांची समान आठवण असण्यासाठी दोघेही त्या दिवशी जाणते असावे लागतात. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी झाले. त्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या आत्मचरित्रात पतीने शिकवावे आणि घरातील स्त्रियांनी त्यावरून छळावे, असा प्रसंग अनेकदा येतो. पती-पत्नींची जवळीक ही घरातील इतरांच्या दृष्टीने शंकेची बाब होती, हे त्यातून कळते. वय व शिक्षण वाढल्यानंतरच दोन प्रौढ व्यक्तींचा सहवास ही कल्पना सर्वसामान्य घरांत शक्य झाली.

पाश्चात्त्य जगातही या दिवसाचे आजचे स्वरूप फार जुने नाही. पंचविसाव्या व पन्नासाव्या वर्षाचे चांदी-सोन्याशी नाते युरोपात पूर्वीपासून होते. परंतु प्रत्येक वर्षासाठी वेगळी भेटवस्तू सुचविणारी विस्तृत यादी अमेरिकेतील जवाहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९३७ मध्ये प्रसिद्ध केली. या दिवसाच्या घडणीत व्यापाराचा वाटा आहे, हे तेथेही खरे आहे. तथापि, व्यापाऱ्याने सुचविलेली प्रत्येक गोष्ट समाज स्वीकारत नाही. मराठी समाजाने ती का स्वीकारली, हा खरा प्रश्न आहे.

४. चाकरमानी कुटुंब आणि विरहाची परंपरा

या प्रश्नाचे उत्तर मालवण परिसरात शोधताना चाकरमानी कुटुंबपद्धती विचारात घ्यावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दक्षिण कोकणातील पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि घरकामात नोकरीसाठी जात राहिले. बायका, मुले व वृद्ध गावी राहिले. याची खूण जनगणनेतही उमटलेली आहे. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेनुसार दर हजार पुरुषांमागे १०७९ स्त्रिया होत्या. २०११ मध्ये हे प्रमाण १०३६ होते. राज्यात इतरत्र मुलींची संख्या घटल्याची चिंता असताना येथे स्त्रियांची संख्या अधिक दिसते, यामागे पुरुषांचे स्थलांतर हे एक महत्त्वाचे कारण आहे.

या पद्धतीत लग्न झालेली अनेक जोडपी वर्षाचे बहुतेक दिवस एकमेकांपासून दूर असत. चाकरमानी गावी येई तो गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात. त्या मोजक्या दिवसांत घराची शाकारणी, भावकीचे वाद, देवाचे मानपान आणि पाहुणे यांतून दोघांना एकांत मिळणे दुरापास्त असे. एरवीचा संवाद मनिऑर्डरीच्या कुपनावरील दोन ओळींतून चाले. लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रीला त्या ओळीही दुसऱ्याकडून वाचून घ्याव्या लागत. पतीची खबर प्रथम तिसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकणे हा येथील स्त्रियांच्या पिढ्यांचा अनुभव आहे.

ज्या चाकरमान्यांनी कुटुंब मुंबईला नेले, त्यांच्या वाट्याला चाळीतील एक खोली आली. त्या खोलीत भाऊ, पुतणे आणि गावाहून आलेली माणसे असत. पती-पत्नींना बोलण्यासाठी घराबाहेरच जावे लागे. गिरगाव चौपाटी आणि दादरचा किनारा ही ठिकाणे त्यामुळे मध्यमवर्गीय व श्रमिक जोडप्यांची झाली. इराणी हॉटेलांतील 'फॅमिली रूम' हीदेखील याच गरजेची निर्मिती होय. स्त्रीने हॉटेलात जाणे कमीपणाचे मानणाऱ्या समाजात एका पडद्यामागे तिला बसण्याची जागा मिळाली. घरात एकांत नसल्याने घराबाहेर तो शोधावा लागला, हा या बदलाचा गाभा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर जी कुटुंबे गावी परतली, त्यांच्याबरोबर शहरातील या सवयीही काही प्रमाणात आल्या असणे स्वाभाविक आहे.

५. तिन्हीसांजेचा नियम आणि सूर्यास्ताचे सौंदर्य

लग्नाच्या वाढदिवसाची सहल प्रायः सायंकाळी होते. ही वेळ मालवण किनाऱ्यावर विशेष अर्थपूर्ण आहे. पश्चिमाभिमुख किनारा असल्याने बंदर जेटी, रॉक गार्डन, चिवला, तारकर्ली, देवबाग येथून सूर्य समुद्रात मावळताना दिसतो. पर्यटनाच्या जाहिरातींतून हेच दृश्य 'रोमँटिक' म्हणून पुढे येते.

घरगुती परंपरेत मात्र ही वेळ तिन्हीसांजेची आहे. या वेळी केर काढून झालेला असावा, तुळशीपुढे व देवापुढे दिवा लागलेला असावा, मुलांनी शुभंकरोती म्हणावी आणि घरची लक्ष्मी घरात असावी, असा नियम होता. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नये, केस विंचरू नयेत, बाहेर उभे राहू नये, असे अनेक निषेध स्त्रियांसाठी होते. त्यामुळे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आयुष्य काढलेल्या अनेक वृद्ध स्त्रियांनी निवांत बसून सूर्यास्त पाहिलेला नसतो. त्या वेळेला त्यांची जागा चुलीपाशी व दिव्यापाशी होती.

मच्छीमार कुटुंबांत या नियमाचे स्वरूप वेगळे होते, कारण मासळी विकणारी स्त्री घराबाहेर वावरतच होती. होड्या परतल्या की किनाऱ्यावर मासळीची निवड व लिलाव सुरू होतो. रापण ओढली जाते तेथे बायका टोपल्या घेऊन उभ्या असतात. तिच्यासाठी किनारा निषिद्ध नव्हता, पण तो कामाचा होता. किनाऱ्यावर काहीही न करता बसून राहणे ही गोष्ट मच्छीमार आणि शेतकरी या दोन्ही घरांतील स्त्रियांना सारखीच अपरिचित होती.

या दृष्टीने पाहता लग्नाच्या वाढदिवशी एखादी स्त्री सायंकाळी सहा वाजता, दिवा लावण्याचे काम सासूकडे किंवा मुलीकडे सोपवून पतीबरोबर जेटीवर जाते, तेव्हा ती केवळ मनोरंजनासाठी जात नाही. वर्षातील एका दिवसापुरता का होईना, तिन्हीसांजेचा नियम घराच्या संमतीने बाजूला ठेवला जातो. कित्येक घरांत सासूच 'जा, फिरून ये' म्हणते, यातच बदलाची खोली दिसते. जे बंधन वादाने सैल झाले नसते, ते एका निमित्ताने सैल होते.

६. बाहेर जेवणे : चुलीपासून एक दिवस सुट्टी

या सायंकाळचा दुसरा भाग बाहेरच्या जेवणाचा असतो. जेवणाच्या पद्धतीत दांपत्यातील विषमता पूर्वी उघड दिसत असे. पुरुष व मुले आधी जेवत, स्त्रिया मागाहून. पत्नीने पतीच्या पानात जेवण्याचीही रीत होती. हॉटेलातील टेबलावर दोघे समोरासमोर बसतात, दोघांना एकाच वेळी वाढले जाते आणि वाढणारी व्यक्ती पत्नी नसते. बसण्याची ही मांडणीच समतेचा एक पाठ आहे.

येथे एक रंजक भेद आढळतो. पर्यटक जोडपे मालवणात येऊन कोंबडी-वडे, सुरमईचे तळलेले तुकडे, तिसऱ्यांचे सुके आणि सोलकढी मागवते. स्थानिक जोडपे त्याच दिवशी शक्यतो हे पदार्थ मागवत नाही. जो पदार्थ घरी स्वतः रांधावा लागतो तो बाहेर जाऊन खाण्यात स्त्रीला हौस वाटत नाही; पनीरची भाजी, नूडल्स किंवा आइस्क्रीम तिला अधिक प्रिय वाटते. वाढदिवस सोमवारी आला तर मासळी वर्ज्य असणारी घरेही बरीच आहेत. रुचीचा हा भेद वस्तुतः श्रमाचा भेद आहे. पर्यटकाला चवीतील नावीन्य हवे असते, तर गृहिणीला स्वयंपाकापासून विश्रांती हवी असते.

७. पर्यटन : एकाची सायंकाळ, दुसऱ्याचे काम

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि कुडाळ, कणकवलीपर्यंत येणे सोपे झाले. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी येथील विमानतळाचे उद्घाटन झाले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेमुळे किनाऱ्यावरील सामान्य घरेही पाहुण्यांसाठी खुली झाली. घरातील एक-दोन खोल्या पाहुण्यांना देऊन घरच्याच स्वयंपाकघरातून जेवण पुरविणे हा अनेक कुटुंबांचा जोडधंदा, तर काहींचा मुख्य व्यवसाय झाला. खोल्या आवरणे, चादरी धुणे, मासळी निवडणे, वाटण वाटणे, वडे तळणे ही कामे प्रामुख्याने घरच्या स्त्रिया करतात.

आता विवाहाचा हंगाम लक्षात घ्यावा. मुहूर्त बहुतांशी तुळशीविवाहानंतर सुरू होतात आणि चातुर्मास लागण्यापूर्वी संपतात. त्यातही उन्हाळ्याच्या सुटीमुळे मे महिन्यात लग्ने अधिक होतात. नेमका हाच काळ पर्यटनाचा असतो. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आणि जलक्रीडा पावसाळ्यात बंद असतात. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. म्हणजे स्थानिक कुटुंबाला उसंत मिळते ती पावसाळ्यात आणि त्यांच्या लग्नाचा वाढदिवस येतो तो कामाच्या ऐन गर्दीत. १५ मे रोजी लग्न झालेली गृहिणी पुढील आयुष्यात त्या तारखेला बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी वाढदिवसाचे जेवण रांधत असते. पर्यटकांसाठी टेबल सजविले जाते, केक येतो, छायाचित्रे निघतात. ते सारे ज्या हातांनी सिद्ध केले, त्या हातांच्या लग्नाची तारीखही कदाचित तीच असते.

यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. पर्यटनाने या घरांना उत्पन्न दिले आणि स्त्रीच्या स्वयंपाकाला प्रथमच रोख मोल मिळाले. परंतु मोल कुटुंबाला मिळाले आणि विश्रांती मात्र तिला मिळाली नाही, ही वस्तुस्थिती दुर्लक्षिता येत नाही.

८. आक्षेपांचा विचार

या प्रघातावर प्रामुख्याने तीन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप परकीय अनुकरणाचा. यात तथ्य आहे. परंतु इंग्रजी तारीख, लग्नपत्रिका व छायाचित्र हेही बाहेरून आले आणि आपले झाले. परंपरेत जी जागा रिकामी होती, तिथेच हे अनुकरण रुजले, हे वर दाखविले आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा व प्रदर्शनाचा. केक, फ्लेक्स फलक, भ्रमणध्वनीवरील छायाचित्रे यांत सहवासापेक्षा दिखावा मोठा होतो, ही तक्रार रास्त आहे. ज्या दिवसाचे सामर्थ्य दोघांच्या खासगीपणात आहे, तो दिवस पुन्हा चारचौघांपुढे मांडला की त्याचा मूळ हेतू क्षीण होतो. जेटीवर तासभर बसून मालवणी खाजाचा पुडा घेऊन घरी येणे यासाठी फारसा खर्च लागत नाही.

तिसरा आक्षेप लोकलज्जेचा. परगावच्या जोडप्याने किनाऱ्यावर हातात हात घेतला तर गाव काणाडोळा करते. गावच्या जोडप्याने तेच केले तर चर्चा होते. एकाच वाळूवर दोन नियम लागू होतात. विवाहित जोडप्यालाही स्वतःच्या गावात ही मोकळीक नसेल, तर इतरांची स्थिती काय असेल हे सांगणे नलगे.

या तीन आक्षेपांपेक्षा अधिक गंभीर प्रश्न वेगळाच आहे. पती किंवा पत्नी यांच्या निधनानंतर या तारखेचे काय होते? वटपौर्णिमा व पाडवा या दिवसांतून विधवेला वगळले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले; त्यानंतर हा विषय गावागावांत चर्चिला गेला. लग्नाची तारीख मात्र कोणत्याही शास्त्राने दिलेली नसल्याने ती कोणी काढूनही घेऊ शकत नाही. पतीच्या निधनानंतरही ती तारीख त्या स्त्रीची राहते. त्या दिवशी तिची मुले तिला जेटीवर घेऊन गेली, तर त्यात कोणताही विधी मोडत नाही. परंपरागत दिवस सौभाग्यावर आधारलेले होते; हा दिवस स्मरणावर आधारलेला आहे. हा भेद लक्षणीय आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.
१. परंपरेतील दांपत्याचे दिवस सामूहिक व बहुधा एकतर्फी होते. लग्नाचा वाढदिवस हा विशिष्ट जोडप्याचा आणि परस्परांचा दिवस आहे.
२. इंग्रजी तारखेचा प्रसार, विवाह नोंदणी, विवाहाचे वाढलेले वय व शिक्षण यांशिवाय हा दिवस रुजला नसता.
३. मालवण परिसरात चाकरमानी जीवनातील दीर्घ विरह आणि मुंबईतील एकांताचा अभाव यांनी घराबाहेरच्या सहवासाची गरज निर्माण केली.
४. सायंकाळी बाहेर पडणे व बाहेर जेवणे यांतून तिन्हीसांजेचा आणि चुलीचा नियम एका दिवसापुरता सैल होतो. म्हणून स्त्रीच्या दृष्टीने या दिवसाचे मोल अधिक आहे.
५. पर्यटन व विवाह यांचे हंगाम एकच असल्याने पर्यटकांची सायंकाळ साजरी करणाऱ्या स्थानिक स्त्रीला स्वतःची सायंकाळ मिळत नाही.

समारोप

शेवटच्या निष्कर्षावर उपाय नाही असे नाही. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात ठरलेली नसते. देवीचा कौल घेऊन ती ठरते आणि तरीही लाखो भाविक त्या दिवशी जमतात. दिवस महत्त्वाचा ठरतो तो माणसांच्या ठरविण्याने, हे या भूमीला नवे नाही. मे महिन्यातील वाढदिवस मृगाच्या पहिल्या पावसानंतर, पाहुणे गेल्यावर साजरा झाला तर त्याचे मोल उणे होणार नाही. सार्वजनिक पातळीवर जेटीवर व किनाऱ्यांवर पुरेसे दिवे, स्त्रियांसाठी स्वच्छ प्रसाधनगृहे आणि वाड्या-वस्त्यांकडे परतण्यासाठी सायंकाळी उशिरापर्यंत एसटी, एवढ्या साध्या सोयी झाल्या, तर ज्यांच्याकडे स्वतःचे वाहन नाही अशा जोडप्यांनाही किनारा उपलब्ध होईल.

महाविद्यालयीन अध्यापनातही या विषयाचा उपयोग करता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-आजोबांना लग्नाची तारीख विचारून, ती कशी लक्षात राहिली किंवा का राहिली नाही, याची नोंद करावी, असा लहानसा प्रकल्प समाजशास्त्र, इतिहास व मराठी या तिन्ही विषयांत घेण्यासारखा आहे. त्यातून कोकणातील दांपत्यजीवनाचा अलिखित इतिहास हाती येईल. कदाचित एखादा विद्यार्थी तारीख विचारून थांबणार नाही, आजीला त्या दिवशी सायंकाळी बंदरावरही घेऊन जाईल.